निव्वळ वजन

जालना, एमआयडीसी, फेज दोन.
गेटच्या डाव्या हाताला पत्र्याची केबिन,
केबिनीत मी,
आणि खिडकीबाहेर साठ टनांचा भुईकाटा.
भरून येते गाडी, तिचं एक वजन.
रिकामी होऊन निघते, तिचं एक.
पहिल्यातून दुसरं गेलं की उरतं ते निव्वळ.
अकरा वर्षं एवढंच गणित करते.
बारावीला गणितातच गेले होते.

भंगार कुठून कुठून येतं :
फोडलेल्या जहाजाचा पत्रा,
परभणीकडचा हातपंप,
कुणाच्या शिलाई मशीनचं पायडल,
एकदा तर शाळेची अख्खी घंटा.
भट्टीत सगळ्यांची जात एक होते
आणि बाहेर पडते सळई, बारा मीटर, अजून कोमट,
सुरतेच्या पुलाला, हैदराबादच्या विसाव्या मजल्याला.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो.
नव्या टाकीचं काम अर्ध्यावर,
गंजक्या सळया आभाळाकडं तोंड करून उभ्या.
त्या कोणत्या गाडीतून गेल्या, मला माहीत आहे.
पावती मीच फाडली.

भाषणात म्हणतात, मराठवाड्याचा अनुशेष.
आकडा दर भाषणात निराळा.
ज्याचं भरलेलं वजन कुणी नीट घेतलंच नाही
त्याच्यातून वजा काय करतात,
कामून करतात?

मग ते साल.
काट्यावर दोन कुत्री झोपायची, पडद्यावर चाळीस किलो.
बलियाची पोरं पायी निघाली त्या सकाळी
रामदुलार म्हणाला, दीदी, हमको भी तौल दो.
सगळे चढले. पिशव्या, डबे, एक टेबलफॅन.
एकोणचाळीस जण : दोन हजार सातशे तीस.
पावती मागितली, दिली.
मालाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
'परत' लिहिलं.

दुसऱ्या लाटेत भट्टी विझवली,
कारखान्याचा ऑक्सिजन दवाखान्याकडं वळवला.
रात्री तीनला टेम्पो, चाळीस सिलिंडर.
भरलेले आणि रिकामे, फरक चारशे किलो.
म्हणजे सिलिंडरामागं दहा किलो श्वास.
जन्मभर लोखंड मोजलेली मी,
दोनदा बेरीज केली, तिसऱ्यांदा केली.
माझी जाऊ वाचली. तिच्या शेजारच्या खाटेवरची नाही.
कोणता सिलिंडर कुणाला लागला
याचं रजिस्टर माझ्याकडं नाही.

पोळ्याच्या आसपास लतीफमामाची गाडी आली.
भंगार उतरवून रिकामी काट्यावर चढली.
कंप्युटरला तिचं रिकामं वजन पाठ आहे,
त्यानं लाल अक्षरांत दाखवलं : साठ किलो कमी.
नियमानं विचारलं, मामा, स्टेपनी कुठाय?
मामा बोलले नाहीत, बाजूच्या सीटकडं बघितलं.
स्टेपनी होती. जॅक होता. ताडपत्री होती.
परतूरचा अंगद नव्हता, क्लिनर.
काट्यावर खाली उतरायचा कंटाळा त्याला,
मी खेकसायचे, उतर रे,
तुला काय मालात धरू?

आता गाड्यांची रांग पार चौकापर्यंत.
भट्टी तीन पाळ्यांत. रामदुलार आलाय, फॅन गावी ठेवून.
टीव्हीवर सांगतात, देश पुन्हा उभा राहिला, इतके टक्के.
टक्के मला कळत नाहीत, टन कळतात.
काल एका दिवसात आठशे टन सळई गेली इथून.
कशाच्या तरी आधारानंच उभा राहिला असेल.

साहेब म्हणतात, मामाच्या गाडीचं
नवं रिकामं वजन टाका सिस्टीमला.
टाकते, म्हणते.
दर खेपेला लाल अक्षरं येतात.
मी बटण दाबते, म्हणते, जा मामा.