एक हात चार बोटं

नकाशात इथं निळी रेघ आहे.
मीच ओढली होती, अठ्ठ्याऐंशी साली,
अमरावतीच्या ऑफिसात, पंख्याखाली बसून.

आज नाल्यातले गोटे असे तापलेत
की सरडासुद्धा एकेक पाय उचलून उभा राहतो.
फुंदी जांभेकर पुढं. टायरच्या चपला, हातात कोयता,
खांद्याला तुंबा, फडक्यात कुटकीच्या चार भाकरी.
मागं मी, गुडघे धरून,
पाठीवर चौदा किलो:
भाच्याचा तंबू, भाच्याची झोपायची पिशवी,
आणि दिशा दाखवणारं त्याचं यंत्र,
जे सकाळपासून आम्हाला मध्यप्रदेशात समजतंय.

सालईची साल कागदासारखी सुटलेली.
सागाची पानं पायाखाली एवढी वाजतात
की या डोंगरात मे महिन्यात
कुणी कुणाला चोरून भेटू शकणार नाही.
मी हे बोलले तशी फुंदी थांबून हसली,
"म्हणून तं लगनं उन्हाळ्यात लावतेत, मॅडम."

बत्तीस वर्षं मी विहिरी मोजल्या.
फितीला निळा खडू फासायचा, खाली सोडायची,
ओला झाला तिथवरचा आकडा रकान्यात.
चौदा पूर्णांक दोन. एकवीस. सव्वीस.
कोरडीसाठी रकाना नव्हता,
ते शेऱ्यात लिहायचं, बारीक अक्षरात.
निवृत्तीच्या दिवशी फीत परत द्यायची राहिली.
राहिली म्हणजे, दिली नाही.

सूर्य कड्याला टेकला. मऊ रेती बघून मी तंबू सोडायला लागले.
"अथी नोको. वाट हाय."
"कोणाची?"
"ज्याची त्याची."
मग वरच्या खडकावर, उघड्यावर.
परवान्यातली अट चार: विस्तव पेटवू नये.
भाकरी थंड, मिरची मात्र पेटलेली,
आणि दोघींत मिळून पाऊण बाटली.

फुंदी घाई करत नव्हती.
मधमाशा कुठं उतरतात ते बघत बसली,
मग कहूच्या मुळाशी गुडघ्यावर वाकून
कोयत्यानं, मग हातानं, रेती काढू लागली.
पांढरी. तांबूस. मग काळी.
काळीला हात लावून बघ म्हणाली. थंड.
खड्ड्याच्या तळाशी काहीतरी चमकलं आणि तिनं
घरातल्या कुणाला हाक मारावी तसं म्हटलं,
"डा."

पहिलं गढूळ उपसून फेकलं. दुसरं फेकलं.
तिसरं फेकताना माझ्या तोंडून आवाज निघाला.
चौथं यायला एक अख्खी बिडी लागली.
मी फीत सोडली: शून्य पूर्णांक बावन्न.
तिनं कोपरापर्यंत हात घातला:
"एक हात चार बोटं."
आकडे जुळले. एवढ्या नोकरीत
कुणाशी पहिल्यांदाच.

रात्री खडक दिवसभराचं ऊन
पाठीतून परत देत होता, हप्त्याहप्त्यानं.
रातवा कुठंतरी बसून एकच गोष्ट ठोकत राहिला.
तिनं बोट वर केलं, "इपिल."
एवढे इपिल आणि एकाचाही उजेड हातावर पडेना.

तीनच्या सुमारास खाली कुणीतरी पाणी प्यायला लागलं.
लप. लप. लप.
सवयीनं मी मोजत गेले,
दोनशेच्या पुढं चुकले.
फुंदीचा हात माझ्या मनगटावर होता.
भीतीनं नाही बहुतेक.
मला विचारायचं होतं, आधी तिनं विचारलं,
कुजबुजत: "तुमच्या विहिरीवर
असं कोणी येत होतं का रातच्याले?"
मी गप्प. रात्री कधी थांबलेच नव्हते.

सकाळी ओल्या रेतीत ठसे एकावर एक,
मोठ्यावर लहान, लहानावर पाखराचे.
"कोण होतं?"
"तहानेलं."
झिरा पुन्हा भरलेला होता, तेवढाच.
तिनं एका बाजूची रेती उतरती केली
आणि पाण्यात एक काटकी तिरपी ठेवली,
पडलेल्या माशीला वर यायला.
तुंबा अर्धाच भरला.
मी पूर्ण भरा म्हणणार होते.

अजून दोन कडे चढायचेत.
भाचा विचारील, तंबू कसा आहे?
उशाला चांगला आहे.