जिवाणी

आमच्या घरी पाणी अजून दुहेरी फडक्यातून गाळतात.
बुधगावच्या विहिरीवर आई फडकं उलटं धरायची,
वरून बारीक धार,
आणि जे डोळ्यांना दिसतच नाही ते
जिथून आलं तिथं परत.
त्याला जिवाणी म्हणतात.
मी जिवाणूंवर एम.एस्सी. करायला घेतलं तेव्हा
आई म्हणाली, म्हणजे आपलंच की.

कुपवाडला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
मी हवासुद्धा गाळून घेते.
तीन नंबरच्या टाकीत दहा हजार लिटर:
मागच्या हंगामातली मळी, पातळ केलेली,
आणि तिच्यात एकाच कुळातले सगळे.
त्यांच्या पोटात आम्ही एक कडं घातलंय,
जनुकांचं, कुणाकुणाचे तुकडे जोडून.
कडं सांगतं, साखर खा,
पण सगळी अंगी लावून घेऊ नको,
थोडी आम्ल करून बाहेर टाक.
त्या आम्लाचं पुढं प्लास्टिक होतं, रंग होतो,
अजून कशाकशात जातं,
मला सगळं माहीत नाही.
ड्रमवर फक्त वजन लिहितात.

दुसऱ्या पाळीला मी मीटर कमी बघते, ऐकते जास्त.
आम्ल वाढलं की कॉस्टिकचा पंप आपोआप चालतो.
टक्. टक्टक्. टक्.
म्हणजे ते कामावर आहेत.
सिराज मुजावर म्हणतो,
मॅडम, सासूसारख्या कान लावून बसता.

एकतिसाव्या तासाला पंप गप्प झाला.

सिराजनं नळी बघितली, व्हॉल्व्ह बघितला,
पंपाला दोन चापट्या मारल्या.
मी नमुना काढला.
मेले नव्हते.
काचेखाली नुसती गर्दी, एकेक भरलेल्या अंगाचा.
वाढीची एवढी देखणी चढण
मी आलेखावर कधी पाहिली नव्हती.
आम्ल मात्र दुपारच्या आकड्यावरच बसलेलं.

कडं टाकून दिलं होतं त्यांनी.
एकाचे दोन होताना कधीतरी
एकाच्या वाट्याला ते आलंच नसेल.
ओझं नाही, म्हणून त्याची लेकरं चार पावलं पुढं,
त्यांची लेकरं आणखी पुढं,
आणि शेवटी सगळी टाकी विसरलेल्यांची.
संप नाही, घोषणा नाही,
निवेदन द्यायला कुणी आलं नाही.

साहेब फोनवर म्हणाले,
मारून टाका, धुऊन घ्या, सोमवारी नवीन बॅच.

मारायची टाकी वेगळी असते.
वाफ, एकशे एकवीस अंश, अर्धा तास.
प्रत्येक बॅचनंतर मी हे करते.
सहीसाठी रकाना आहे. सही नेहमी नीट येते.

त्या दिवशी क्षमावणी होती.
सकाळपासून मोबाईल थरथरत होता:
कळत-नकळत काही चुकलं असेल तर, उत्तम क्षमा.
समडोळीची मावशी, इचलकरंजीचा मामा,
एक बँकवाला, ज्याच्याशी माझं कधी बोलणंच नाही.
प्रवचनात ऐकलं होतं,
निगोदातले जीव एका श्वासात
अठरा वेळा जन्मतात नि मरतात.
लहानपणी मी श्वास धरून ठेवायचे,
तेवढा वेळ तरी थांबतील म्हणून.

वाफ सोडायच्या आधी
करंगळीएवढ्या कुपीत थोडे काढून घेतले.
ग्लिसरीन घातलं.
उणे ऐंशीच्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात.
हे नियमात बसत नाही.
सिराजनं विचारलं, लेबलवर काय लिहू?
तीन नंबर, एकतीस तास.
आणि काय करतात लिहू?
मी म्हटलं, साखर खातात.
त्यानं तेवढंच लिहिलं.

मग चाक फिरवलं. पाइप आधी कण्हतो,
मग त्याचा सूर लागतो.

आईचा फोन आला.
दिवस मावळायच्या आत जेवलीस का?
जेवले.
आवाज कसला येतोय गं?
वाफेचा, म्हटलं.