डाव्या सीटवरून

आठवडाभर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मी नोटा मोजायचे,
रविवारी मंदाकिनी निमसेच्या डाव्या हाताला बसून
नोट्स वाचायचे.
चुकायची मुभा दोन्हीकडे नव्हती.

उजवं चार. पन्नास. डावं दोन, आवळत जातं, खडी.
वणीच्या घाटात पहाटे साडेपाचला
हेल्मेटमध्ये माझाच आवाज मला परका वाटे.
लोक म्हणायचे, ही बाई रस्ता बघतच नाही.
बघायची. पण आधी ऐकायची.

नांदूरच्या निमस्यांची पोर,
बापाच्या द्राक्षांच्या टेम्पोवर हात बसलेला.
नोंदणीच्या टेबलावरचा म्हणाला, मिस्टरांना पाठवा.
फॉर्मवर 'चालकाचे नाव' होतं, तिथं तिनं नाव लिहिलं.
'पतीचे नाव' होतं, तिथं गाडीचा नंबर.

त्या वर्षी बासष्ट गाड्या सुटल्या, एकोणीस पोचल्या.
आम्ही सातव्या.
सायलेन्सर वाटेत कुठं पडला कळलं नाही,
पण आम्ही येतोय हे दिंडोरीपासून सगळ्यांना कळलं.
बक्षीस म्हणून, खास महिलांसाठी, प्रेशर कुकर.
सातपूरच्या गॅरेजात अजून आहे तो,
रॉकेलमध्ये नटबोल्ट भिजत घालतात त्यात.

मग टीव्हीवाले आले.
दर शनिवारी अर्धा तास: गाड्या, रस्ते,
चढावर क्लच कसा सोडायचा, लायसनला काय विचारतात.
पहिल्याच दिवशी ती अडखळली.
घाटात कधी न थांबलेली बाई
सरकत्या अक्षरांपुढे गप्प.
"वाचून दाखवणारं कुणी नाहीये," म्हणाली.
तेव्हापासून तिच्या डावीकडे एक रिकामी खुर्ची असायची.
लोकांची पत्रं यायची: पाहुणे का येत नाहीत?
मी देवळालीत, शेजारच्यांच्या ब्लॅक अँड व्हाइटसमोर
त्या खुर्चीकडे बघत पुटपुटायचे:
पन्नास. उजवं तीन. आता हस.
आणि ती नेमकी तेव्हाच हसायची.
निदान मला तसं दिसायचं.

ती गेल्यावर कॉलेजची पोरं आली, वह्यांचे फोटो काढायला.
एकीनं विचारलं, आजी,
अकराव्या वळणापुढे काहीच कसं लिहिलेलं नाही?

तिथं ती म्हणाली होती,
"इथं गप्प बस गं, यमे. एवढं एक मला घेऊ दे."
मी गप्प बसले. पानावरचं बोट मात्र काढलं नाही,
बारावं ओठांवर धरून.