हातचा

शाळा बंद झाल्याच्या सतराव्या दिवशी
मी फळ्यासमोरून उठून तव्यासमोर बसले.
चपात्या लाटणं आणि तिसरीला वजाबाकी शिकवणं
यात फारसा फरक नाही.
घाई केली की कडा फाटतात.

मालाबाच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती.
तिचं शेपूट बघायला माझा भाऊ एकिसा सायकलवर निघाला,
बुंगोमापर्यंत गेला
आणि अंधार पडला म्हणून परतला.

चीनहून जहाजं यायची थांबली होती म्हणे.
युरोपात कुणाला फुलं नको होती.
जगभर बाजार ओस,
आणि आमच्या दारात ही दाटी!
ट्रकांच्या पोटात काय, ते ड्रायव्हरांनाही ठाऊक नसे.
मोम्बासाला लागलेलं सील, कंपालाला तुटायचं सील.
एकातून मात्र चौथ्या दिवसापासून
माशांचा वास येत होता.
सीलला वास कळत नाही.

क्यालो मुसेम्बी त्या रांगेत चारशे बारावा.
मी मोजलं होतं, सवय.
त्यांच्या कांबा भाषेत क्यालो म्हणजे प्रवास.
"मी माताटूतच झालो, रस्त्यात, म्हणून हे नाव," म्हणाला,
"आणि आता बघा, म्वालिमू,
प्रवासच ब्रेक लावून उभा."

नाकात काडी घालून घेतली त्याने.
अहवाल यायला नऊ दिवस,
अहवालाची मुदत काडीपासून चौदा दिवस,
पुढे उरलेली रांग अकरा दिवसांची.
हे गणित मी परीक्षेत घातलं असतं
तर पोरांनी विचारलं असतं,
बाई, छापताना चुकलंय का?

दुसरी काडी पुलापलीकडे,
जिथे गणवेशाचा रंग बदलतो.

संध्याकाळी चाय उकळताना रेडिओ लावायचे.
पलीकडच्या राजधानीतले साहेब म्हणाले,
आज तेवीस बाधित. सगळे परदेशी ड्रायव्हर.
परत पाठवलेत,
म्हणून आपल्या आकड्यातून वजा.
मी स्टेशन बदललं.
अलीकडच्या राजधानीतले साहेब म्हणाले,
ती तपासणी आपल्या हद्दीतली नव्हे,
म्हणून आपल्या आकड्यात धरलेली नाही.
व्यापार सुरळीत आहे.
दोघेही किती सभ्य, किती हातचं राखून बोलत होते.

पिठाच्या रिकाम्या पिशवीवर मी मांडून पाहिलं.
तिकडून वजा. इकडे मिळवलेलेच नाहीत.
हातचे तेवीस.
पोरांना मी वर्षानुवर्षं सांगत आलेय,
हातचा विसरू नका रे,
डोक्यावर बारीक लिहून ठेवा,
नाहीतर पुढचं सगळं चुकत जातं.

त्या तेविसांत क्यालो आहे हे आम्हाला उशिरा कळलं.
ताप नव्हता त्याला.
फक्त एकदा म्हणाला होता, चपातीला चव नाही आज.
मी रागावले होते.

आमच्या गल्लीतल्या बायका ड्रायव्हरांना पाणी देईनात.
पोरं त्यांना रोगाच्या नावानं हाका मारून पळत.
मीही थाळी दगडावर ठेवून दहा पावलं मागे सरकायची,
त्यांची नाणी साबणाच्या पाण्यात टाकून घ्यायची.
हे सांगून टाकलेलं बरं.

पुढे त्याच्या ट्रकवर दुसरा माणूस चढला,
पलीकडचा, ताज्या अहवालाचा.
सील शाबूत होतं. शिक्का बसला.
माल पूल ओलांडून गेला.
क्यालोला ज्या गाडीत बसवलं तिच्या काचा रंगवलेल्या होत्या,
त्यामुळे त्याने हात हलवला की नाही, सांगता येत नाही.

जानेवारीत शाळा उघडली.
उधारीची वही अजून पिठाच्या डब्यावर असते.
पान सातवं: क्यालो मुसेम्बी,
सहा चपात्या, दोन चाय,
एक चपाती परत (चव नाही).
ही एक मी वजा केली होती.
काल पेन्सिलीनं पुन्हा मिळवली.