पॉज

लष्करात, सेंटर स्ट्रीटला लागून एका बोळात
बेहरामशेठचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं.
त्यात मी, काउंटरमागे, स्टुलावर,
शहाऐंशी ते त्र्याण्णव.

लोक वहीच्या पानावर यादी आणायचे.
साठची कॅसेट, नव्वदची कॅसेट.
कव्हरावर मी बॉलपेननं नावं लिहायचे,
स्पेलिंगं चुकायची,
आणि चुकलेलीच वर्षानुवर्षं पुण्यात फिरायची.

सायमन साळवे गुरुवारी यायचा, थेट गॅरेजातून,
नखांत ग्रीस,
अंगात चंदेरी रेक्झिनचं जाकीट, भर मे महिन्यात.
म्हणाला, ताई, मधे ते नुसते ड्रम येतात ना,
आठच आहेत. मला बत्तीस पाहिजेत.
आठात मी फक्त खाली बसतो.
उठू कधी?

मग दुपारी, शेठ जेवायला गेले की,
दोन डेक समोरासमोर.
आठ ठोके. टक्. रिवाइंड.
पुन्हा आठ. टक्.
मशीन जरा उशिरा जागं व्हायचं,
म्हणून ठोक्याच्या केसभर आधी
सोडावा लागायचा पॉज.
हे कुणी शिकवलं नाही. अंगठ्याला आपोआप कळलं.

शेठनी एकदा पकडलं.
"गाना बनवनारा काय येडा होता काय?"
म्हणाले, आणि काउंटरखाली
त्यांचाच पाय हलत होता.

या कामाला आमच्याकडे नाव नव्हतं.
पावतीवर मी लिहायचे : लांबवलेले, दोन रुपये जादा.
सायमनला भवानी पेठेत दुसरा नंबर मिळाला.
पहिला आला त्यानंही
कॅसेट माझ्याकडूनच नेली होती.
हे मी सायमनला सांगितलं नाही.

काय होतं त्या गाण्यांत?
शहाणपण तर नव्हतंच.
कुणालातरी आज रात्रीच भेटायचं असायचं,
कुणाचंतरी काळीज पेटलेलं.
पण मशीनचा ड्रम तेव्हा नवाकोरा होता,
नोकरीच्या पहिल्या आठवड्यातल्या पोरासारखा
जीव तोडून वाजायचा,
थकायचं कसं ते त्याला माहीतच नव्हतं.
अजूनही माहीत नाही.

परवा भाचा आला, ओजस. माळ्यावरून
बुटांचा खोका काढला, फसलेल्या कॅसेटींचा.
लॅपटॉपवर बत्तीसचे तीनशे वीस केले,
चहा निवायच्या आत.
मग कान देऊन म्हणाला,
मावशी, दर आठाला हे टक् कसलं?

सात वर्षं जे लपवायला मी जीव टाकला
ते त्यानं एका फटक्यात शोधलं.
मी म्हटलं, काढून टाक.
तो म्हणाला, वेडी आहेस का, हेच तर भारी आहे.

शनिवारी मुंढव्याला घेऊन गेला.
कानात कापूस घालून मी भिंतीला टेकून उभी,
साडी नेसलेली एकटीच.
पोरं-पोरी घामानं निथळत होत्या,
यांतलं कुणी तेव्हा जन्मलेलंही नव्हतं.
आणि आलं ते.
आठ ठोके. टक्.
अख्खा हॉल त्या टक्वर एकदम खाली बसला,
आणि उठला.

सायमन कुठे असतो, कुणास ठाऊक.
दुबईला गेला म्हणतात, कुणी म्हणतं येरवड्यातच आहे.

हातात पर्स होती.
तिच्या बटणावर अंगठा केव्हा गेला कळलं नाही,
ठोक्याच्या आधी,
केसभर आधी.