कल्हई, साठ नॅनोमीटर

अण्णा, हे काळं नाही.
काळी ती काजळी. दिवसभर ऊन गिळते
आणि अंधार पडला की सगळं आभाळाला देऊन बसते.
मला हवं होतं
घेणारं आणि धरून ठेवणारं.

पत्रा तांबट आळीतलाच, वडनेऱ्यांकडून तोलून आणलेला.
फक्त चिंचेने नाही, आम्लाने धुतला.
सातपूरच्या शेडमध्ये हवा काढून घेतलेल्या पिंपात
त्यावर टंगस्टनचे कण बसवले : साठ नॅनोमीटर.
मग तेच, विरळ : बेचाळीस.
वर काचेची साय.

कॉम्प्युटरने एकतीस थर सुचवले होते.
मी एकेक काढत गेले,
तीन टक्के उन्हावर पाणी सोडलं,
तिनावर थांबले.

तुम्ही खिडकीच्या भोकातून आत पाहिलंत,
जांभळा उजेड धुमसत होता.
म्हणालात, नवसागराचा वास नाही, धूर नाही,
मग काम झालं हे कळतं कशावरून?

आकड्यावरून, म्हणाले मी.
तुम्ही मान हलवलीत,
गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितल्यावर हलवायचात तशी.

कसं सांगू.
वरून परतलेला किरण, खालून परतलेला किरण,
दोघांत अर्ध्या पावलाचं अंतर,
भेटतात आणि दोघेही मिटतात.
ऊन असं आत राहतं.
उष्णतेची लाट लांब टांगांची,
तिला हे थर लागतच नाहीत, ती सरळ तांब्यावर जाते.
आणि तांबं बाहेरची ऊब घेत नाही,
आतलीही सहजी सोडत नाही.
(हे मी पुस्तकात नंतर वाचलं.
आधी तुमच्यासोबत एकोणतीस वर्षं जेवले.)

जानेवारी. निफाडला पारा चारावर,
इथे गच्चीवर मफलरातूनही कान दुखतात.
काचेखाली दोन पत्रे, एक काजळीचा, एक माझा.
सूर्य मावळून दीड तास झालेला.
थर्मामीटर खिशातून काढेपर्यंत
तुम्ही काच सरकवून तळवा टेकवलात,
पहिल्यावर. मग दुसऱ्यावर.
दुसऱ्यावरून लवकर उचलला नाहीत.

सवयीने खांद्यावरचं फडकं ओढलंत.
पुसू नका, मी ओरडलेच.

सकाळी पाहिलं, अंगठ्याचा ठसा राहिलाय.
तेवढ्यापुरतं जांभळ्याचं निळं झालंय,
रेघन् रेघ.
चौथा थर. जाडी मोजलेली नाही.

नमुना एकशे बारा.
वहीत 'खराब' लिहिलं होतं,
खोडलं.