पिकदाणी

सोमवारी आम्ही सगळे शहाणे होतो.
घोट घ्यायचा, जिभेवर घोळवायचा,
पिकदाणीत टाकून वहीत लिहायचं :
हिरवं सफरचंद, ओली चुनखडी.
मिलोय्कानं लिहिलं, मामाच्या तबेल्याचं दार.
हसलो. पण होतं तसंच.

बुधवारपर्यंत दात जांभळे,
पिकदाणीकडे कुणी फारसं बघेना.
हिशेबनीस अल्बिन टेबलाखाली बूट काढून
बायकोबद्दल बोलला,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
बाहेर ब्रदाच्या टेकड्यांवर कुणीतरी वेली छाटत होतं.

स्रेच्को रोज सगळ्यांच्या आधी वास घेई, डोळे मिटून,
आणि बोले सगळ्यांच्या शेवटी,
आमचेच शब्द थोडे फिरवून.

शुक्रवारी एक बाटली कुबटलेली निघाली.
तळघरात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी.
आम्ही पेले सरकवले.
स्रेच्कोचे डोळे अजून मिटलेले.
"पिकलेली चेरी," तो म्हणाला, "आणि जरासा मध."

ज्याच्या नाकावर चाळीस वर्षं
आमच्या संस्थेच्या पिंपांचा भाव ठरला.

मिलोय्कानं पेला परत ओढला,
घोट घेतला, थुंकली नाही.
"हो. चेरी."
अल्बिननं वहीत तेच लिहिलं.
मीही लिहिलं, मीही गिळली.

कुबटच होती.